वाढलेली काच

शुक्रवार, २९ नोव्हेंबर २०२४. सकाळी गारवा. दूधवाला उशिरा. अनुज साडेसातला कामावर गेला, जाताना पुन्हा बजावून गेला. जत्रेचे भोंगे आज सकाळपासूनच. मोटर दुरुस्त झाली, टाकी भरली. दुपारी चारला रुचिताच्या बागेत काचशिल्पांचे प्रदर्शन पाहायला जाणे, वसुंधरेसह. तिच्याशी बोलणे.

दुपारचं जेवण उरकल्यावर सुभद्राबाईंनी एवढं लिहिलं आणि पेनला टोपण लावलं. त्यांची वही दिवसातून दोनदा उघडते, जेवणानंतर आणि संध्याकाळी. कॉन्व्हेंटमध्ये असताना एका सिस्टरनी लावलेली सवय. सिस्टर सांगायच्या, मनातलं देवाला सांगावं, वहीत घडलेलं लिहावं. पासष्ट वर्षांत सुभद्राबाईंनी हा नियम मोडला नव्हता. ‘बोलणे’ हे अजून घडलेलं नव्हतं, म्हणून लिहिताना हात अडखळला.

बोलायचं होतं ते वसुंधरेच्या, म्हणजे नणंदेच्या, नवऱ्याबद्दल. श्रीरंगराव जूचंद्रच्या मिठागरावर कारकून होते. चाळीस वर्षांमागे एका संध्याकाळी सायकल घेऊन निघाले ते परतलेच नाहीत. पोलीस झाले, नातेवाईक सुरतेपर्यंत हिंडून आले. वसुंधरा तेव्हा निर्मळला माहेरी आलेली होती, ती तशीच राहिली. बारा वर्षं वाट पाहावी, मग दर्भाचा माणूस करून त्याला अग्नी द्यावा म्हणजे गेलेला गेला, असं गुरुजी सांगतात. बाराव्या वर्षी वसुंधरा नाही म्हणाली. वडील वारले तेव्हा नाही म्हणाली. भाऊ, म्हणजे सुभद्राबाईंचे यजमान भालचंद्र, गेले त्या वर्षीही विषय निघाला. तेव्हाही नाही.

तिच्या दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या असत. अख्ख्या निर्मळमध्ये वसुंधरेचं नाव वाट पाहण्यासाठी घेतलं जाई. एसटीच्या थांब्यावर कोणी ताटकळला तर दुसरा म्हणे, “बस आता वसुंधरेसारखा.” बायका हळदीकुंकवाला तिला बोलवत, तिच्या कपाळाला कुंकू लावत आणि पाठ फिरली की हळहळत. ती हळहळ तिच्यापर्यंत पोचत असेल, पण तिनं कधी तसं दाखवलं नाही. पहाटे उठून मोगरा, अबोली खुडायची, वेण्या करायच्या, दादरला जाणाऱ्या टोपलीत ओलं फडकं घालून भरायच्या. भावजयीच्या घरात ती कधी मिंधी म्हणून राहिली नाही.

आता रुचिताचं, सुभद्राबाईंच्या नातीचं, फाल्गुनात लग्न होतं. गुरुजींनी अनुजच्या डोक्यात घातलं, घरातला एक असा अधांतरी लोंबकळत ठेवून मंगलकार्य करू नका. रविवारी अमावास्या. गुरुजी ठरले होते, फक्त वसुंधरेचा होकार राहिला होता.

“आत्या तुझं ऐकते, आई,” अनुज म्हणाला होता. “तिलाही सुटल्यासारखं वाटेल. किती वर्षं वाट बघायची माणसानं?”

तो वाईट नव्हता. आत्यावर त्याचा जीव होता. पण एकदा होकार आला की वसुंधरेच्या हातातल्या बांगड्या जाणार होत्या, आणि ते काम बायकांनाच करावं लागतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. भालचंद्र गेले तेव्हा सुभद्राबाईंचे हात याच घराच्या मागच्या ओट्यावर धरले होते. इंग्रजी शाळेत शिकलेली बाई, नको म्हणू शकली असती. म्हणाली नाही. विटेवर बांगड्या आपटल्याचा आवाज अजून कधीकधी भांडी घासताना ऐकू येई. त्या दिवशी सगळ्या बायका ओट्यावर जमल्या होत्या. वसुंधरा तेवढी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती आणि तिनं आपल्या बांगड्या वाजू नयेत म्हणून पदरात गच्च धरून ठेवल्या होत्या.

बाग चालत पाच-सात मिनिटांवर. पूर्वी ती त्यांचीच वाडी होती. भालचंद्रांनी जाण्याआधी एका ट्रस्टला विकली. ट्रस्टनं तिथे झाडं राखली, नवी लावली, प्रत्येकाच्या बुंध्याशी नावाची पाटी ठोकली, आणि वनस्पती उद्यान केलं. रुचिता तिथेच कामाला होती. दाराशी मोठा फलक होता, तोही तिनंच लिहिलेला. वसुंधरा त्याच्यापाशी थबकली.

“वाढती काच,” तिनं वाचलं. “हे काय गं?”

“आत्याआजी, म्हणजे काच झाडांसारखी उगवलीये, वाढतीये, असा कन्सेप्ट आहे.”

“काच वाढते तेव्हा उगवत नाही, बाय.”

रुचिता आजीकडे बघायला लागली. सुभद्राबाईंनी सांगितलं, “बांगडी फुटली असं बोलू नये म्हणतात. वाढली म्हणायचं. दिवा विझवला नाही, वाढवला.” पुढे कुंकवाचं आलं असतं, तिथे त्या थांबल्या.

“म्हणजे मी दारावर ‘फुटकी काच’ असा बोर्ड लावून बसलेय? अडीच आठवडे झाले आजी, कोणी बोललं नाही.”

“बोलतील कशाला,” वसुंधरा म्हणाली. “तुझे बघे विरारच्या टॉवरमधले. त्यांना काच फुटते.”

तिघी हसल्या. सुभद्राबाईंना बरं वाटलं. अशा हसण्यातच बोलून टाकावं, असं त्यांनी ठरवलं, आणि लगेच टाळलंही.

आत गेल्यावर मात्र बोलायचं राहूनच गेलं, कारण डोळ्यांना दुसरंच काही दिसत होतं. आंब्याच्या खोडाला काचेची अळंबी फुटली होती, दुधी, कडेला तांबूस. केळीच्या बनात एक केळ काचेची. खऱ्या पानांतून ऊन झिरपून तिच्या पानावर पडत होतं आणि ते पान आतून पेटल्यासारखं दिसत होतं. अळूच्या वाफ्यात पाण्याचे थेंब म्हणून गोट्या ठेवलेल्या. हे सगळं करणारी सुझान माणिकपूरचीच मुलगी, बाहेरदेशी काच फुंकायला शिकून आलेली, असं रुचितानं अभिमानानं सांगितलं. सुंदर होतं, पण सुभद्राबाईंना त्या झाडांजवळ उभं राहवेना. खरं झाड हलतं. ही झाडं त्यांच्याकडे बघत असल्यासारखी स्तब्ध होती.

वसुंधरेचं लक्ष पाट्यांवर. “वहिनी, हे वाचा हो.”

सुभद्राबाईंनी उंडीच्या बुंध्याशी वाकून लांबलचक लॅटिन नाव वाचलं.

“आपल्या उंडीला एवढं नाव? बारशाला बोलावलं नाही आपल्याला.”

आणखी एक जुनी उंडी पुढे, बावखलाच्या काठावर होती. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, ज्यावर रहाट बसवून झाडांना पाणी द्यायचे. या घरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या बांगड्यांचे तुकडे या पाण्यात सोडत आल्या होत्या. नवरा जिवंत असलेल्या बाईची काच उकिरड्यावर पडू नये, पायाखाली येऊ नये, म्हणून. वसुंधराही सोडायची. फक्त ती भर उन्हात यायची. तिन्हीसांजेला तिनं बावखलाकडे पाऊल टाकलेलं कोणी पाहिलं नव्हतं. दिवा लावला की ती मागचं दार ओढून घ्यायची आणि स्वयंपाकघरात उगाच भांडी वाजवत बसायची. तिचं आणखी एक होतं. लहानपणी सगळे तिला वसू म्हणत. नवरा नाहीसा झाला त्या वर्षापासून तिनं घरात सांगून टाकलं, मला पूर्ण नावानं हाक मारा. बिचारीला त्यांची आठवण होत असेल, असं सगळ्यांनी मनाशी धरलं.

बावखलाच्या काठाशी पोचण्याआधीच तो आवाज आला.

किणकिण. एका हाताची नव्हे, पुष्कळ हातांची. जात्यावर, विहिरीवर, पाट्यावर बायका कामाला लागल्या की येते तशी. सुभद्राबाईंनी आजूबाजूला पाहिलं. तिथे कोणी बाई नव्हती. उंडीच्या फांद्यांना नारळाएवढे स्वच्छ काचेचे गोळे टांगले होते, काही उंच, काही पाण्याला टेकतील इतके खाली. प्रत्येकाच्या पोटात रंगीत तुकडे होते.

“हे बघा, हे तुमच्यासाठी सरप्राइज,” रुचिता म्हणाली. “मागच्या उन्हाळ्यात बावखल उपसलं ना, तेव्हा गाळात हे तुकडे निघाले. घमेली भरभरून. सुझान म्हणाली, ही काच वितळवली तर तडकते, जात वेगवेगळी असते. मग तिनं गोळे फुंकले आणि आत तशीच ठेवली. वारा आला की वाजते. आजी, ह्यात तुझ्यापण असतील. पणजीच्यापण.”

जे पाण्यात बुडवलं ते झाडावर टांगलेलं सुभद्राबाईंनी पहिल्यांदाच पाहिलं. काळ्या, लाल, निळ्या, आणि हिरव्या तर किती. त्या घालणाऱ्या अर्ध्याअधिक बायका आता नव्हत्या, त्यांचे हात तेवढे झाडात वाजत होते.

“आणि तो,” रुचितानं खाली लोंबणारा एक गोळा दाखवला, “तो स्पेशल. ते सगळे तुकडे एका रुमालात बांधलेले सापडले. टेरिलीनचा रुमाल, म्हणून कुजला नाही. वेगळं करायला नको वाटलं, म्हणून एकाच गोळ्यात ठेवले.”

तेवढ्यात तिला कोणी हाक मारली. शाळेची मुलं आली होती. ती “आलेच” म्हणून गेली.

वसुंधरा त्या गोळ्यापाशी गेली. हात लावला नाही. सुभद्राबाईही मागोमाग गेल्या, आणि चष्मा सावरून पाहताच त्यांना ओळख पटली. हिरव्या काचेवर सोनेरी टिकली, टिकलीभोवती पांढरं कडं. वसुंधरेच्या लग्नात कासार घरी आला होता, त्याच्या पेटीतून हा नमुना सुभद्राबाईंनीच निवडला होता. भावजय म्हणून नणंदेचे हात मांडीवर घेऊन तो चुडा भरताना जवळ बसल्या होत्या. एकेक बांगडी वर्षावर्षानं वाढली असती तर तुकडे विखुरले असते. हा सबंध चुडा एका वेळचा होता.

“वसुंधरा, हा तर तुझा.”

“माझाच.”

“सगळा एकदम कसा वाढला?”

“वाढला नाही, वहिनी,” वसुंधरा म्हणाली. “फुटला. फोडला.”

चाळीस वर्षांत तिच्या तोंडून तो शब्द सुभद्राबाईंनी ऐकला नव्हता. ती पाण्याकडे बघत बोलत होती, भाजीचा भाव सांगावा तशी.

“मनगटं धरून दाराच्या कडीवर आपटायचा. नेहमीचंच होतं. पण नेहमी दोन-चार जायच्या, मी नव्या भरायची. त्या रात्री दोन्ही हातांतल्या सगळ्या. चार वर्षं मी हा एक चुडा सांभाळून ठेवला होता, सणावाराला घालायची. तो दिसला म्हणून. सकाळी तो कामावर गेल्यावर तुकडे वेचले, त्याच्याच रुमालात बांधले. हातांना फडकं गुंडाळलं. माणिकपूरला उतरले, बांगडीवाल्याकडे हात भरले, मग घरी आले. तुम्ही दारातच होतात. म्हणालात, नव्या का गं, छान आहेत.”

सुभद्राबाईंना ते आठवलं. आपण त्या दिवशी काय लिहिलं असेल तेही माहीत होतं. वसुंधरा माहेरी आली. तांदूळ निवडले. घडलेलं लिहावं, आणि जे घडलं ते एवढंच दिसलं होतं.

“सांगितलं का नाहीस?”

“कोणाला? आई आजारी, बाबा म्हणणार सांभाळून घे. दोन आठवड्यांनी तो आला न्यायला. घरात नाही आला. तिन्हीसांज होती, मी इथे भांडी घासत होते. तिथे, त्या पलीकडच्या काठाला सायकल धरून उभा राहिला. म्हणाला, वसू, चल. मी मान वर केली नाही. भांडं घासत राहिले. तो परत म्हणाला. मग पुष्कळ वेळ काहीच नाही. मग सायकल वळली. तिच्या मागच्या चाकाचा पत्रा सैल होता, तो खडखडत रस्त्यापर्यंत गेल्याचं मी ऐकलं. त्यानंतर तो कुठे गेला ते मलाही माहीत नाही, वहिनी. देवाशपथ. चार दिवसांनी मिठागराचा माणूस विचारत आला.”

ऊन माडांच्या शेंड्यावर चढलं होतं. पलीकडचा काठ काळा पडला होता, आणि तिकडे बघायला नको म्हणून सुभद्राबाई उंडीकडे बघत राहिल्या. तिचं एकही पान हलत नव्हतं. बाकीचे गोळे गप्प झाले होते. तो खालचा एक मात्र बारीक वाजत होता. त्यांनी वसुंधरेच्या हातांकडे पाहिलं. हात पदरात होते.

“रोज म्हणतो,” वसुंधरा म्हणाली. “तिन्हीसांज झाली की. वसू, चल. म्हणून मी भांडी वाजवते.”

आता बोलल्यावाचून इलाज नव्हता. सुभद्राबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, “मग उलट ते क्रियाकर्म करूनच टाकू. गती मिळेल, थांबेल हे. रविवारी अमावास्या आहे. अनुजनं मला तुझ्याशी बोलायला सांगितलंय. तुझ्या हातांचं कोणी काही करणार नाही, मी बघते.”

“मला माहीत आहे ते. गुरुजींचा फोन मीच घेतला होता.” वसुंधरा किंचित हसली. “हाताचं नाही हो. गावाला वाटतं मी वाट बघते. बघू देत, फुकटची अब्रू आहे. पण तुम्ही विचार करा. नाहीसा झालेला माणूस कोणाचा कोणी नसतो. त्याला कोणी बोलवत नाही. एकदा मेला म्हटलं, की तो पितर. मग दरवर्षी नाव घेऊन, गोत्र घेऊन हाक मारायची, या म्हणायचं. ह्या वाढवल्या,” तिनं हात पदरातून काढले, “की त्याला पान वाढायचं. माझ्या बापाच्या घरात. आज तो काठावर आहे, वहिनी. तुम्ही त्याला घरात बोलावता आहात.”

सुभद्राबाई आयुष्यभर ज्याला अंधश्रद्धा म्हणायला शिकल्या होत्या, त्यातलं यात काय होतं आणि काय नव्हतं, हे त्यांना निवडता येईना. पितृपक्षातलं भालचंद्रांचं पान त्या स्वतः मांडत. वाढून झाल्यावर मागं सरत, दार उघडं ठेवत. कोणीतरी येतं असं धरूनच तर ते सगळं असतं. त्या पानाशेजारी दुसरं पान त्यांनी डोळ्यांसमोर आणून पाहिलं, आणि ते पुसता येईना.

“चल,” असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. नुसता तिचा हात धरला.

वाटेत रुचिता भेटली. दोघींचे चेहरे बघून म्हणाली, “आवडलं नाही का? आत्याआजी, तुला तो रुमालातला गोळा हवा असेल तर संपल्यावर मी सुझानला विचारते. घरी लावू.”

“नको,” वसुंधरा म्हणाली. “तिथेच बरा आहे. घरी आणू नकोस हं, सांगून ठेवते.”

अनुज आठच्या सुमारास आला. बूट काढतानाच त्यानं आईकडे पाहून भुवई उंचावली. वसुंधरा आत भाकऱ्या थापत होती.

“काय म्हणाली?”

“नाही म्हणाली.”

“आई, अगं गुरुजींना काय सांगू? अजून वाट बघतेच आहे का ती?”

“नाही.”

“मग अडचण काय आहे?”

“अडचण तिची आहे. मी विचारलं, मला पटलं. गुरुजींना सांग, घरात गेलेलं कोणी नाही. रुचिताचं लग्न होईल व्यवस्थित.”

“तुला पटलं म्हणजे? तूच तर म्हणत होतीस—”

“म्हणत होते. आता म्हणत नाही. श्रीरंगरावांचं पान या घरात मांडायचं नाही, अनुज. मी असेपर्यंत नाही, आणि मी गेल्यावर तू मांडू नकोस. एवढं माझ्यासाठी.”

आईनं असं हट्टानं काही मागितल्याचं त्याला आठवत नव्हतं. तो फोन घेऊन ओटीवर गेला. त्याचं बोलणं खिडकीतून तुटक ऐकू आलं. हो गुरुजी. नाही, पुढे पण नाही. दक्षिणेचं नाही हो, तसं काही नाही.

सुभद्राबाई मागचं दार लावायला गेल्या. रोज ते वसुंधरा लावायची. आज राहिलं होतं. कडीला हात घातला आणि त्या उभ्याच राहिल्या. जत्रेचे भोंगे थांबले होते. वाडीच्या अंगाला काळोख होता, आणि त्यात कुठेतरी लांब, रस्त्याच्या बाजूला, सैल पत्रा खडखडल्यासारखा आवाज होता. असेल कोणाची तरी सायकल. निर्मळमध्ये सायकली काय थोड्या आहेत. तो आवाज जातोय की येतोय हे कळेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. दार ओढलं, कडी घातली, वरची खिट्टीही घातली.

आत वसुंधरेनं पितळेचं पातेलं उचलून खाली ठेवलं, मोठ्यानं. सुभद्राबाईंनी फळीवरची परात काढली आणि तीही तशीच ठेवली.

“काय करताय, वहिनी?”

“काही नाही. वाल काढते आहे.”

मग त्यांनी वही घेतली, दुपारच्या मजकुराखाली एक ओळ सोडली आणि लिहिलं: रविवारी वालाचे बिरडे. वाल आज भिजत घातले.